फक्त तिसरी

संडरलंडच्या इस्पितळात, तळघरातल्या धुलाईखात्यात
रात्रपाळी सुटायची पावणेसहाला,
पहिली बस साडेसहाची.
मधल्या वेळात समुद्रावरून जे वारं यायचं
त्याला मराठीत शब्द नाही; शिवी आहे.

ऑड्री थर्लवेल म्हणाली, चल, सोडते.
गाडीत कुत्र्याचा वास, पेपरमिंटचे चुरगळलेले कागद
आणि एनिड क्रॅस्टर.

तोवर मला कॉन्सर्टिना ठाऊक नव्हता.
आपल्या पेटीचं शेंडेफळ म्हणावं एवढंसं वाद्य,
दोन तळव्यांत मावणारं,
आणि रडकं.
"अठ्ठ्याऐंशीत गेली बाई," ऑड्री म्हणाली,
"मासे साफ करायची धक्क्यावर. उरलेल्या वेळात हे."
मी म्हटलं, हं.
मला ऐकू आली ती फक्त खुर्ची,
तिच्या प्रत्येक झोक्याला कुरकुरणारी लाकडी खुर्ची.

"तू कुठली?" "मिरजेची."
तिथे तंबोरे करतात, हे माझ्याच तोंडून निसटलं
आणि ऑड्रीनं भर सिग्नलला मान वळवून पाहिलं,
जशी काही तारा मीच जुळवते.
आता हिला कसं सांगायचं,
साखर कारखान्याशेजारी राहून कुणाचा चहा गोड होत नाही.
समोरच्या गच्चीत भोपळे वाळायचे.
भाजीचे नव्हेत, कडू असतात ते.
एवढंच संगीत मला माहीत.

घर अकरा मिनिटांवर. म्हणजे तीन धुना, चौथी अर्धी.
डिसेंबरभर मी बाहीनं काच पुसत बसले.
जानेवारीत विचारलं, आवाज जरा कमी करशील?
तिनं केला. काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशीही तेवढाच कमी.

फेब्रुवारीत एकदा चादरींच्या घड्या घालताना
ओठ मिटलेले, आणि नाकातून काहीतरी निघालं.
पलीकडची टोकं धरून ऑड्री उभी.
चादर ताणली, मध्यावर दुमडली, चार पावलं चालत आली,
टोकं माझ्या हातात देताना म्हणाली,
"दुसरीची सुरुवात. पण तू फार वर धरलीस."

मग एक दिवस खुर्चीमागचा श्वास ऐकू आला.
भाता उघडतो तेव्हा एनिड घेते, मिटतो तेव्हा सोडते,
आणि शेवटच्या सुराआधी दोघं थांबतात,
समेच्या उंबऱ्याबाहेर चपला काढत असल्यासारखी.
मला सम कळते? नाही कळत.
पण त्या थांबण्यात पोटात जो खड्डा पडायचा
तो उरुसातल्या पाळण्याचा,
वरून खाली येतानाचा. तेवढा मी ओळखते.

एप्रिलमध्ये भांडलो.
ऑड्रीचं दैवत म्हणजे एनिडची तरुणपणची टेप,
बोटं नुसती पाण्यासारखी.
मी म्हणाले, मला म्हातारपणची आवडते.
बोटं सुजलेली, एक बटण अडकणारं,
ते चुकवून बाई जी वळणं घेते ना...
"संधिवात होता तिला. वळणं कसली?"
"म्हणूनच तर."
"तू पाच महिने ऐकतेस. मी तिला बघितलंय,
मावशीच्या लग्नात. सात वर्षांची होते मी.
माझ्या फ्रॉककडे बघून वाजवली होती तिनं एक धून."
यावर काय बोलणार?
गाडी माझ्या दाराशी आली होती. चौथी अर्धी.
रोज मी तिथे उतरते. त्या दिवशी नाही उतरले.
दोघी समोरच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत,
फुगलेल्या,
संपेपर्यंत बसून राहिलो.

मग दोन दिवस ती सुट्टीवर.
मी बसनं आले, वारं खात, शिवी वापरत.
तिसऱ्या दिवशी पडदे ओढून झोपले होते, फोन थरथरला.
ऑड्री मेसेजमध्येही पूर्णविराम देते:
"म्हातारपणची पुन्हा ऐकली. तिसऱ्या धुनेत तुझं खरं आहे.
फक्त तिसरी."

उठले. चहा टाकला.
पाचवीचं तिला सोमवारी गाडीत सांगेन.